गव्हाच्या बुरशीवर लसूण-निंबोळीचा अर्क खरंच चालतो, की नुसती अफवा आहे?

चालतो. पण कोणत्या बुरशीवर, ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आमची जमीन देपालपूरच्या बाजूला, राहणं इंदूरला. सासूबाईंनंतर बियाण्याचं काम माझ्याकडे आलं. पेरणीआधी मी गव्हाला लसणाचा अर्क चोळायला लागले तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, शेतात फोडणी घालत नसतात." मी ऐकून घेतलं. त्या वर्षीचं बियाणं त्यांनीच ओळखीच्या शेतातून आणलं होतं, टपोरं आणि चकचकीत. उगवण सुरेख झाली. मग ओंब्या निसवल्या आणि जागोजागी दाण्यांऐवजी काळी पूड. काणी, म्हणजे इथला कंडवा. दिरांनी एक काळी ओंबी घरी आणून सगळ्यांसमोर ठेवली, "हा बघा वहिनींचा लसूण." अजूनही पाहुणे आले की हे सांगतात.

भाऊजींना तेव्हा सांगितलं तेच इथे सांगते. ही काणी आदल्या वर्षीच बियाण्यात शिरलेली असते. गहू फुलोऱ्यात असताना काळ्या ओंबीची पूड वाऱ्याने निरोगी फुलात जाते आणि बुरशी दाण्याच्या कोंभात जाऊन बसते. वरून दाणा अगदी चांगला दिसतो. वर चोळलेला लसूण आत पोचणार कसा? तिथे कार्बोक्सिनसारखं आत शिरणारं औषध लागतं. औषध नको असेल तर लुथ्रा आणि सत्तार या शेतीशास्त्रज्ञांनी १९३४ साली दाखवलेला उपाय करा: मे-जूनच्या कडक उन्हाच्या दिवशी बियाणं सकाळी ४ तास साध्या पाण्यात भिजवायचं आणि दुपारी गच्चीवर पातळ पसरून कडकडीत वाळवायचं. पाण्याने आतली बुरशी जागी होते आणि उन्हाने मरते. मी हे दर उन्हाळ्यात करते. आमच्या शेतात आता काळी ओंबी शोधावी लागते; दिसली की पिशवी घालून उपटायची आणि जाळायची.

लसणाचं काम दाण्याच्या सालीवरच्या बुरशीवर आहे, म्हणजे ओल लागली की दाण्याला धरणारी, कोंभ कुजवणारी. तिथे तो चांगला चालतो. पाकळ्या कच्च्याच वाटा, उकळू नका. लसूण ठेचल्यावरच त्यातलं बुरशी मारणारं अॅलिसिन तयार होतं आणि ते ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतं ते उष्णतेने मरतं. सांगणारे उकळायलाच सांगतात, म्हणून लोकांना गुण येत नाही. वाटलेला अर्क त्याच दिवशी वापरा.

निंबोळीचा ५ टक्के अर्क तुम्हाला माहीतच असेल: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १०० लिटर करायचं, थोडा साबण. संध्याकाळी फवारा, उन्हात त्याचा जोर जातो. पानावरचा करपा नुकताच दिसत असेल तर उपयोग होतो, पान वाळल्यावर नाही. तांबेरा, म्हणजे पानाखोडावर गंजासारखी पूड धरणारी बुरशी, तिच्यावर मात्र अर्काच्या भरवशावर राहू नका. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर आपल्या माळव्यापर्यंत येतात. त्यावर तांबेरा-प्रतिकारक वाण हा मुख्य उपाय. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचे 'एचआय' नावाने येणारे बरेच वाण त्याच कामाचे आहेत.

एक राहिलं. लसूण जास्त कडक झाला तर उगवणही मारतो. आधी १०० दाणे चोळून ओल्या गोणपाटात ठेवून बघा, मगच सगळ्या बियाण्याला लावा.

आणि घरात कोणी "पाल्याने काही होत नाही" म्हणणारं असेल तर त्यांच्याच पसंतीचं बियाणं घ्या, त्यातली एक पट्टी अर्क न लावता पेरा, दोन्हींची उगवण त्यांनाच मोजायला लावा. काणीची ओंबी आणून दाखवली तर आधी विचारा, बियाणं कुठून आणलं होतं.