एबल अकाउंट उघडलं होतं, तरी एसएसआयचे पैसे परत का मागतायत?

न्यू जर्सीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा २२ वर्षांचा, ऑटिझम आहे, एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंगांना अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी खातं दरमहा देतं ती मदत) आणि मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) दोन्ही चालू. सांगलीच्या आजोबांनी नातवासाठी १८,००० डॉलर पाठवले, ते मार्च २०२५ मध्ये थेट मुलाच्या बँक अकाउंटला जमा झाले. त्याच महिन्यात त्याचं एबल अकाउंट, म्हणजे अपंगांसाठीचं खास बचत खातं, उघडलं, पण पैसे त्यात टाकले जूनच्या दहा तारखेला. आता सोशल सिक्युरिटीचं पत्र आलंय, मार्च ते जून चार महिन्यांचे पैसे परत करा म्हणून. ताई विचारतात, अकाउंट तर मार्चमध्येच उघडलेलं, मग हे कसं? थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला सारखा येतो.

ताई, अकाउंट कधी उघडलं याने इथे काहीच ठरत नाही. महिन्याच्या एक तारखेला मुलाच्या नावावर किती पैसे होते, यावर सगळं अडलंय. मर्यादा २,००० डॉलरची, १९८९ पासून एका डॉलरने वाढलेली नाही आणि त्याची मला दर वेळी चीड येते, पण आज कायदा तोच आहे. पैसे त्याच्या हातात आले तो महिना, म्हणजे मार्च, ते त्याचं उत्पन्न धरलं. १ एप्रिल, १ मे, १ जून या तिन्ही दिवशी ते बँकेत पडून होते म्हणून ती मालमत्ता झाली. ३१ मार्चच्या आत एबलमध्ये टाकले असते तर फक्त मार्च गेला असता. अकाउंट उघडून अडीच महिने रिकामं का ठेवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. एवढी धावपळ करून उघडलंत आणि शेवटचं एक काम राहू दिलंत, याचं खरंच वाईट वाटतं.

आणि मार्चसुद्धा वाचला असता. आजोबांनी पैसे तुमच्या अकाउंटला पाठवायचे आणि तुम्ही तिथून एबलमध्ये भरायचे, मग ते मुलाचं उत्पन्न धरत नाहीत. मुलगा १८ च्या पुढे आहे त्यामुळे तुमच्या अकाउंटला काय येतं त्याचा त्याच्या एसएसआयशी संबंध नाही. यापुढे असंच करा, फक्त सगळ्यांचे मिळून वर्षाची मर्यादा सांभाळा, २०२५ ला ती १९,००० होती. एबलमधले पहिले १,००,००० डॉलर एसएसआयसाठी मोजत नाहीत, त्यामुळे १ जुलैपासून या पैशांची काळजी नाही.

आता पत्राचं. पत्रावरची तारीख बघा, त्यात पाच दिवस मिळवा, तिथून ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज जायला हवा, तो फॉर्म एसएसए-५६१. खरं सांगायचं तर तारखा तुमच्या विरुद्ध आहेत, त्यामुळे त्यातून फार काही निघेल असं वाटत नाही, पण त्यांनी रक्कम चुकीची काढली असेल तर हाच रस्ता. दुसरा अर्ज माफीचा, एसएसए-६३२, त्याला मुदत नाही. त्यात आपली चूक नव्हती हे दाखवावं लागतं आणि परत करणं झेपणारं नाही हेही. मुलाच्या पेयी, म्हणजे त्याच्या वतीने एसएसआयचे पैसे घेऊन सांभाळणाऱ्या, तुम्हीच आहात, त्यामुळे "नियम माहीत नव्हता" एवढ्यावर ते ऐकतील असं मी सांगू शकत नाही. पण मार्चमध्ये तुम्ही ऑफिसला फोन केला असेल, पत्र टाकलं असेल, कुणाशी बोलला असाल तर त्याचा कागद शोधा, त्याने बरंच बदलू शकतं. दोन्ही अर्ज फेटाळले गेले तरी एकदम सगळं भरावं लागत नाही, एसएसआयमधून साधारण दरमहा दहा टक्के कापून घेतात.

ज्यांना अपंगत्व तिशी-चाळिशीत आलं आणि म्हणून एबल नाकारलं गेलं त्यांच्यासाठी, १ जानेवारी २०२६ पासून वयाची अट २६ वरून ४६ झालीय, परत अर्ज करा. मृत्यूनंतर मेडिकेड उरलेल्या पैशांवर हक्क सांगू शकतं, ते राज्यावर अवलंबून आहे, त्यामुळे मोठी रक्कम ठेवायची असेल तर ट्रस्टचं आधी विचारा. आजोबांना मृत्युपत्रात नातवाचं नाव थेट घालू देऊ नका, तेही ट्रस्टमार्फतच.

ताई, शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की नातू लहान असताना आजोबांनी सांगलीच्या बँकेत त्याच्या नावाने एफडी केली होती. पत्रापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. सोशल सिक्युरिटीला पैसे भारतात आहेत की इथे याने फरक पडत नाही, त्याच्या नावावर असून तो मोडू शकत असेल तर ती मोजली जाते. पावतीवर नाव कुणाचं, पालक म्हणून कोण, मुदत कधी संपते हे आजोबांकडून याच आठवड्यात फोटो काढून मागवा. कागद हातात येईपर्यंत ती मोडू नका, नाव बदलू नका, कारण नावावरून काढून टाकली तर त्याचा वेगळा दंड लागू शकतो. पण ती आहे हे माफीच्या अर्जात लपवूही नका. कागद घेऊन इथल्या वकिलाकडे जा आणि मगच ६३२ वर सही करा.