भेट द्यायला घरीच लाकडी स्टूल करायचं आहे, बैठकीवर व्हिनियरची नक्षी हवी आहे. पहिल्यांदाच करतोय; करवत, ड्रिल आणि क्लॅम्प वापरता येतात. बैठक अख्ख्या लाकडाची करू की प्लायची, व्हिनियर कशाने चिकटवू (रबरी गोंद चालेल का?), आणि पाय कसे जोडू?

जमेल. करवत, ड्रिल आणि क्लॅम्प वापरता येतात असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्या भांडवलावर हे काम होतं. तुमचे मूळ प्रश्न तीन आहेत: बैठक अख्ख्या लाकडाची करावी की प्लायची, व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ ताव कशाने चिकटवावा, आणि पाय कसे जोडावेत. थोडक्यात सांगायचं तर प्लाय घ्या, पांढरा गोंद म्हणजे पीव्हीए वापरा, आणि पाय खालूनच जोडा, वरच्या नक्षीला भोक पाडू नका. आता जरा सविस्तर.

अख्खी फळी हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि हे सगळं लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेने होतं. लांबीत ती जवळजवळ हलत नाही. नक्षीत व्हिनियरच्या रेषा चारी दिशांना जातात. खालची फळी एकाच दिशेने ओढायला लागली की वरचे सांधे उघडतात किंवा व्हिनियरला बारीक चिरा पडतात. प्लायचे थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात, म्हणून ते जागचं हलत नाही. १८ मिमी जाडीचं, आत पोकळ्या नसलेलं प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदासह दाबून केलेला बोर्ड) जास्त सपाट असतं हे खरं, पण स्टुलाचा सगळा भार पायांच्या स्क्रूंवर येतो आणि एमडीएफमध्ये स्क्रूची पकड प्लायइतकी टिकत नाही.

आकाराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो: गोल बैठक करू नका, अष्टकोनी करा. गोल कडेला पट्टी वाकवून बसवणं हे पहिल्यांदा करणाऱ्याचं काम नाही, आणि पट्टीशिवाय व्हिनियरची कड उघडी राहिली तर काही महिन्यांत ती कुठेतरी आपटून उखडते. स्टूल म्हणजे ओढायची, पायाने सरकवायची, वेळेला वर चढून उभं राहायची वस्तू. अष्टकोनाच्या सगळ्या बाजू सरळ असतात, त्यामुळे प्रत्येकीला ५-६ मिमी जाडीची अख्ख्या लाकडाची पट्टी सहज लावता येते. पट्ट्यांची टोकं कापताना करवत २२.५ अंशांवर ठेवायची. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ३४ सेमी धरलं तर एक बाजू साधारण १४ सेमी येते. शिवाय आठ पाकळ्यांची नक्षी या आकारात नेमकी बसते, प्रत्येक बाजूला एक पाकळी.

त्या नक्षीसाठी व्हिनियरचे एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेले आठ ताव लागतील. घेताना क्रम बदलू देऊ नका. घरी आणल्यावर लगेच कोपऱ्यात खडूने १ ते ८ आकडे टाका. लागोपाठचे ताव जवळजवळ सारखे असतात, म्हणूनच एक सुलटा, एक उलटा असे शेजारी ठेवले की रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. तावाचा कोणता भाग पाकळीत घ्यायचा हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. दोन छोटे चौकोनी आरसे एका बाजूने चिकटपट्टीने जोडा, पुस्तकासारखे ४५ अंशांत उघडून तावावर उभे करा आणि आत बघा. आठही पाकळ्या जोडलेली पूर्ण नक्षी दिसते. आरसे दोन-तीन सेमी सरकवले तरी चित्र पार बदलतं. साध्या वाटणाऱ्या तावात एखादी गाठ मध्याजवळ आली की फूल उमलतं, आणि भडक तावाचा नुसता गोंधळ होतो. सुरीला हात लावण्याआधी इथे हवा तेवढा वेळ घालवा. जागा पसंत पडली की आरशांच्या कडेने पेन्सिल फिरवा.

यात एक गोम आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. व्हिनियर ओंडक्यावरून पात्याने सोललं जातं, तेव्हा पात्याकडच्या बाजूला अतिसूक्ष्म चिरा पडतात. ती सैल बाजू, दुसरी घट्ट. ताव रेषांना समांतर वाकवून बघा. सैल बाजू बाहेर ठेवून तो जास्त सहज वाकतो. आरसा-जोडणीत एकाआड एक पाकळी उलटी येते, म्हणजे चार पाकळ्यांची घट्ट बाजू वर आणि चारांची सैल. उजेड तिरपा पडला की शेजारच्या पाकळ्या थोड्या फिक्या-गडद दिसतात. मला तो खेळ आवडतो. पण रंग म्हणजे स्टेन लावलात तर सैल बाजू जास्त पिते आणि फरक डोळ्यांत खुपतो. त्यामुळे या नक्षीला स्टेन नको, लाकडाचा स्वतःचाच रंग ठेवा.

कापायला नवं पातं लावलेली सुरी आणि स्टीलची पट्टी. पट्टीच्या पाठीला बारीक पॉलिश पेपर चिकटवलात तर ती घसरत नाही. पट्टी नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर दाबून धरा, म्हणजे पातं रेषेबरोबर भरकटलं तरी टाकाऊ बाजूला जातं. एका दमात कापायचं नाही. पहिला फटका नुसता ओरखडा असावा, मग हलक्या हाताने चार-पाच वेळा. पाकळीचं टोक फार नाजूक असतं. कापण्याआधी तिथे कागदी टेप लावून ठेवा.

आता कोनांचा हिशेब. प्रत्येक पाकळीत अर्ध्या अंशाची चूक झाली तर आठव्या पाकळीपर्यंत चार अंश होतात, आणि शेवटची फट बुजत नाही. म्हणून आठही एका वर्तुळात जोडत जायचं नाही. चार-चार पाकळ्यांचे दोन अर्धे करा. प्रत्येक अर्ध्याची लांब कड सरळ असायला हवी, पण ती किंचित तिरपी आलेली असेल. पट्टी लावून ती कड बरोबर मध्यबिंदूतून सरळ कापून घ्या आणि मग दोन्ही अर्धे जोडा. साचलेली सगळी चूक त्या एका कापात निघून जाते.

जोडताना टेप दर्शनी बाजूलाच लावायचा. त्यासाठी ओला करून लावायचा पातळ कागदी टेप मिळतो. तो सुकताना आकसतो आणि सांधा आणखी घट्ट ओढतो. चिकटवून झाल्यावर ओल्या फडक्याने भिजवून खरवडला की निघतो. गोंदाच्या बाजूला टेपचा एक तुकडाही राहता कामा नये. तेवढा भाग कधीच चिकटणार नाही.

यानंतरचा टप्पा नवखे लोक हमखास वगळतात, तो म्हणजे खालची बाजू. बैठकीच्या फक्त वरच्या बाजूला व्हिनियर लावलं तर गोंदातल्या पाण्याने ते आधी फुगतं आणि सुकताना आकसून प्लायला आपल्याकडे ओढतं. बैठक वाटीसारखी खोलगट होते. १८ मिमी प्लाय तेवढं दणकट आहे असं वाटतं, पण ते वाकतंच, आणि एकदा वाकलं की सरळ करायला काही उपाय उरत नाही. म्हणून खालीही तेवढ्याच जाडीचं व्हिनियर, त्याच वेळी, त्याच दाबाखाली लावायचं. ते साधं, स्वस्त, कुठल्याही झाडाचं चालेल. व्हिनियरच्या रेषा प्लायच्या बाहेरच्या थराला आडव्या याव्यात. वरच्या नक्षीत हे पाळता येत नाही, खाली पाळा.

आणि ही भेट आहे, तर मजकूर तिथेच लिहा. खालचं व्हिनियर लावावं लागणारच आहे, आणि हाताने केलेलं स्टूल मिळालं की माणूस ते पहिल्यांदा उलटं करूनच बघतो. नाव, तारीख, एखादी ओळ असं जे काही असेल ते पॉलिश करण्याआधी पेन्सिलीने किंवा तापत्या टोकाच्या पेनाने लिहा. नक्षीच्या मध्यावर नाव कोरायचा मोह टाळा. वर नाव असलेल्या स्टुलावर कुणी बसत नाही, ते शोभेला ठेवलं जातं.

गोंद फक्त प्लायवर लावायचा, व्हिनियरवर नाही. व्हिनियर ओलं झालं की क्षणात गुंडाळतं. रोलरने पातळ, एकसारखा थर द्या, कुठे डबकं नको आणि कोरडा डागही नको. पांढरा गोंद हवेत पाच-दहा मिनिटांत ओढायला लागतो, म्हणून सगळी जुळवाजुळव आधी गोंदाशिवाय करून बघा. क्लॅम्प उघडून, क्रमाने मांडून ठेवा. बैठकीच्या वर आणि खाली एकेक जाड प्लायचा तुकडा घ्या, आणि मध्ये प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर सांध्यांतून वर आलेला गोंद तो तुकडाही चिकटवून टाकेल. क्लॅम्प कडांना लागतात, त्यामुळे मध्यावर दाब कमी पडतो. वरच्या तुकड्याच्या मध्यावर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवून त्यावर जाड आडवी दांडी टाका आणि दांडीची दोन्ही टोकं क्लॅम्पने आवळा. दाब आतून बाहेर जायला हवा, म्हणजे जादा गोंद कडेने निघतो. रात्रभर हलवू नका. सोडवल्यावर बैठक टेबलावर आडवी टाकू नका, कडेवर उभी करा, दोन्ही बाजूंना हवा लागू दे.

कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह म्हणजे रबरी गोंद वापरू का, हेही तुम्ही विचारलंय. मोह समजतो, कारण त्याला क्लॅम्प लागत नाहीत. पण तो सुकल्यावरही लवचीक राहतो, पॉलिशमधल्या थिनरने मऊ पडू शकतो आणि मग फुगे येतात. शिवाय एकदा टेकलेलं व्हिनियर सरकवता येत नाही, आणि नक्षीचा मध्य दोन मिमी चुकला तर ते जन्मभर दिसतं. प्लाय आणि व्हिनियर दोन्हींवर पांढरा गोंद लावून, तो सुकवून वरून इस्त्री फिरवायची पद्धतही आहे. एका अख्ख्या तावाला ती चालते, पण उष्णतेने व्हिनियर आकसून सांधे उघडतात. नक्षीला ती नको.

सुकल्यावर नखाने सगळीकडे टकटक करा. कुठे पोकळ आवाज आला तर तिथे रेषेच्या दिशेने पात्याने बारीक चीर द्या, सुईने थोडा गोंद आत सोडा, प्लास्टिक ठेवून वजन द्या. नंतर चीर शोधूनही सापडत नाही.

कडा साफ कापा आणि पट्ट्या लावा. पट्टी व्हिनियरपेक्षा केसभर वर ठेवा आणि मग ती व्हिनियरच्या पातळीला उतरवा. इथे जपून. व्हिनियर ०.५ ते ०.६ मिमी असतं. सँडिंग मशीन दोन श्वास जास्त फिरलं की खालचं प्लाय दिसायला लागतं, आणि त्यावर औषध नाही. हाताने, सपाट ठोकळ्याला गुंडाळलेल्या १८० नंबरच्या पेपरने सुरू करा आणि २४० वर थांबा. आधी सगळ्या बैठकीवर पेन्सिलीने फिक्या रेघोट्या मारून ठेवा. रेघोट्या गेल्या की त्या जागी थांबायचं.

पायांवर फार लिहीत नाही. नेहमीच्या खुर्चीइतकं स्टूल हवं असेल तर बैठकीसह उंची ४५ सेमी धरा. आल्व्हार आल्टो या फिनलंडच्या वास्तुविशारदाचं १९३३ सालचं ‘स्टूल ६०’ बघून घ्या. वाकवलेले तीन बर्च लाकडाचे पाय बैठकीखाली सरळ स्क्रूने जोडलेत, वरचा पृष्ठभाग अखंड. तसे वाकवलेले पाय घरी होणार नाहीत, कल्पना मात्र घ्या. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, पण दोन पायांच्या मधल्या बाजूला भार टाकला तर कलंडतं. भेट द्यायची असेल तर चार पायच करा. दोन आडव्या पट्ट्या मधोमध अर्ध्या-अर्ध्या खाचून फुलीसारख्या एकमेकींत बसवा, त्यांच्या टोकांना पाय थोडे बाहेर कललेले जोडा, आणि ती फुली खालून बैठकीला स्क्रूने आवळा. पायांची खालची टोकं बैठकीच्या कडेइतकी बाहेर यायला हवीत. पायांसाठी लाकूड निवडताना रेषा वरपासून खालपर्यंत सरळ जातात ना ते पाहा. तिरप्या रेषांचा पाय भार आला की तिथूनच तुटतो. स्क्रूची लांबी मोजून घ्या. २५ मिमीची पट्टी असेल तर ३५ मिमीचा स्क्रू ठीक, ५० मिमीचा घेतलात तर त्याचं टोक तुमच्या फुलाच्या मध्यातून डोकावेल. फुली चिकटवू मात्र नका, पुढेमागे बैठक उतरवून पुन्हा पॉलिश करता येईल.

पॉलिशसाठी पॉलियुरेथेन. लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण गरम भांडं टेकलं की पांढरी कडी उमटते, आणि स्टुलावर चहाचा कप ठेवला जाणारच. ऑइल-बेस्ड म्हणजे तेलाचं पॉलियुरेथेन लाकडाला पिवळसर ऊब देतं, वॉटर-बेस्ड म्हणजे पाण्याचं बरंचसं रंगहीन राहतं. मेपलसारखं फिकं व्हिनियर असेल तर पाण्याचं घ्या. तीन पातळ हात द्या, मध्ये ३२० च्या पेपरने हलकेच घासा. खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या, नाहीतर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर होईल आणि इतकी काळजी घेऊन साधलेला समतोल वाया जाईल.

देण्याची तारीख ठरलेली असेल तर उलटा हिशेब करा. तेलाचं पॉलियुरेथेन दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, पण पुरतं कडक व्हायला काही आठवडे घेतं. त्याआधी बबल रॅपमध्ये बांधलंत तर बुडबुड्यांचे ठसे नक्षीवर कायमचे उमटतात. घाई असेल तर कागद-प्लास्टिक काही न लावता तसंच हातात द्या.