वाचकांचे प्रश्न : न्यू ऑर्डरने गिटार सोडली का?

प्रश्न : ‘जॉय डिव्हिजन’ हा माझा अत्यंत आवडता इंग्लिश बँड. गायक इयन कर्टिसच्या मृत्यूनंतर उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ उभा केला आणि पाहता पाहता ते ड्रम मशीन (ड्रमचा ठोका आपोआप वाजवणारे यंत्र) व सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारे वाद्य) यांच्या आहारी जाऊन क्लबमध्ये नाचण्याजोगे संगीत करू लागले. ही पोस्ट-पंकशी, म्हणजे पंक रॉकच्या लाटेनंतर आलेल्या रॉक संगीताशी, प्रतारणा नव्हे काय?

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, परंतु तो निकाल देण्याआधी आपण जॉय डिव्हिजनच्याच ध्वनिमुद्रिका पुन्हा एकदा कान देऊन ऐकाव्यात. ड्रमवादक स्टीफन मॉरिस तेव्हाही आपल्या ड्रमसंचात इलेक्ट्रॉनिक ड्रमचा आवाज मिसळत होता, गिटारवादक बर्नार्ड समनरने सुट्या भागांचा संच आणून स्वतःच्या हातांनी सिंथेसायझर जोडला होता, आणि निर्माता मार्टिन हॅनेट डिजिटल डिले (आवाज क्षणभराने पुन्हा ऐकवणारे उपकरण) वापरून ड्रमच्या एकेका ठोक्याभोवती पोकळी निर्माण करत होता. १९८०च्या ‘क्लोजर’ या आल्बममध्ये तर सिंथेसायझर उघडपणे पुढे आला आहे. यंत्रांचा शिरकाव असा घरातूनच झाला होता. बाहेरून कोणी ती लादली नव्हती.

१८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी कर्टिसने जीवन संपवले. समनरने गाण्याची जबाबदारी उचलली, जिलियन गिल्बर्ट कीबोर्ड व गिटार वाजवण्यासाठी आली, आणि १९८१मध्ये ‘मूव्हमेंट’ हा पहिला आल्बम हॅनेटच्याच हाताखाली निघाला. माझ्या मते तो या बँडचा सर्वांत अवघडलेला आल्बम आहे, कारण त्यात प्रत्येक जण गेलेल्या माणसाच्या जागेभोवती जपून पावले टाकतो आहे. त्यानंतर त्यांनी हॅनेटची साथ सोडली, ध्वनिमुद्रणाची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत कानांवर पडलेल्या नृत्यसंगीताचा मनापासून अभ्यास केला.

मार्च १९८३मध्ये आलेले ‘ब्लू मंडे’ हे गाणे त्या अभ्यासाचे फळ. ओबरहाइम कंपनीचे डीएमएक्स हे ड्रम मशीन, मूग सिंथेसायझर आणि समनरने पुन्हा सुटे भाग जोडूनच तयार केलेला सीक्वेन्सर (भरलेले स्वर क्रमाने वाजवणारे यंत्र) अशा सामग्रीवर मुख्यतः साडेसात मिनिटांची ही रचना उभी आहे. त्या काळी सुरावट यंत्रात भरायची म्हणजे एकेक स्वर हातानेच घालावा लागे. गिल्बर्टने स्वरांचा सगळा क्रम कागदांवर लिहून ते कागद एकमेकांना चिकटवले, आणि विणकामाच्या भल्यामोठ्या नमुन्यासारखी ती पट्टी स्टुडिओच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली, असे तिनेच सांगितले आहे. हे स्वर भरताना एक स्वर नजरचुकीने राहून गेला, त्यामुळे सुरावट तालापासून किंचित सरकली. तो सरकलेपणा त्यांनी तसाच ठेवला, आणि आज त्या गाण्याची अर्धी ओढ त्यातच आहे. नेमके काय वाजणार हे पूर्ण ठाऊक नसताना स्वतः जुळवलेल्या यंत्रांशी झटापट करायची आणि हाती येईल ते जगापुढे ठेवायचे, ही पंकचीच रीत नव्हे काय?

शिवाय गिटार गेली कोठे? त्याच वर्षीच्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या आल्बमचा आरंभच गिटार आणि बास यांनी होतो. पीटर हुक बासच्या वरच्या स्वरांत जी धून वाजवतो, ती जॉय डिव्हिजनपासून ओळखीची आहे. फरक एवढाच की आता अनेक गाण्यांत तिच्याखाली न थकणारा, न चुकणारा यांत्रिक ठोका आहे, आणि त्यामुळे माणसाच्या बोटांतला थोडासा मागेपुढेपणा अधिक ठळक ऐकू येतो. आपल्याला ज्या विषण्णतेची ओढ आहे ती ‘ब्लू मंडे’च्या शब्दांतही शाबूत आहे, आणि समनर तर ते जवळजवळ निर्विकारपणे म्हणतो. लोक त्यावर नाचले, हा त्या विषण्णतेचा दोष मानता येणार नाही.

प्रश्न : या वळणाची ओळख करून घ्यायची असल्यास कोणत्या क्रमाने ऐकावे?

उत्तर : प्रथम ‘क्लोजर’, मग ‘मूव्हमेंट’. त्यानंतर १९८१चे ‘एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन’ हे गाणे अवश्य ऐकावे, कारण सीक्वेन्सरची धडधड आणि गिटार यांची पहिली खरी झुंज त्यात सापडते. पुढे १९८२चे ‘टेम्प्टेशन’ आणि मगच ‘ब्लू मंडे’. हे शेवटचे मात्र मूळच्या बारा इंची तबकडीवरील पूर्ण लांबीच्या आवृत्तीतच ऐकावे. कापून लहान केलेल्या आवृत्तीत सुरुवातीची लांबलचक चढण हरवते.