चाचणीत ५८ गुण आले म्हणजे मुलाला मोबाइलचे व्यसन लागले का?

ताई, आपण लिहिले आहे की बारावीतला मुलगा रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइलवर असतो, सकाळी पावणेसातच्या क्लासला पेंगतो, आणि नेटवरच्या वीस प्रश्नांच्या चाचणीत ५८ गुण आल्यामुळे त्याचा फोन काढून घ्यावा असे घरात ठरत आहे. तसे करण्याआधी थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वर्णनावरून ही किंबर्ली यंग यांची १९९८ मधली चाचणी वाटते. तीत ५० ते ७९ गुण म्हणजे इंटरनेटमुळे अधूनमधून किंवा वारंवार अडचणी येतात, असे धरतात. मात्र हातातले काम करण्याआधी ईमेल पाहता का, असाही एक प्रश्न तीत आहे. ज्या मुलाच्या क्लासचे वेळापत्रक, सराव प्रश्नपत्रिका आणि सुट्टीचा निरोप सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच येते, त्याने असल्या प्रश्नाला खरे उत्तर दिले तरी गुण वाढणारच. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, इंटरनेटचे व्यसन या नावाचा वेगळा आजार नाही. गेमिंगच्या बाबतीतही खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे हे साधारणपणे बारा महिने चाललेले असावे लागते.

आपल्याच पत्रातल्या दोन गोष्टी मला त्या ५८ गुणांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. सिडकोतल्या दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, बाहेरच्या खोलीत टीव्ही रात्री साडेदहापर्यंत चालतो आणि साहेबांची अंबडच्या कंपनीत पाळी बदलत असते. म्हणजे मुलाला स्वतःचा असा निवांत वेळ सगळे झोपल्यावरच मिळतो. दुसरे, क्लासच्या फीसाठी कर्ज काढले आहे आणि त्याचे हप्ते त्याच्यासमोर बोलले जातात. सराव परीक्षेत गुण कमी पडले की त्या हप्त्यांचे ओझे त्याच्याच डोक्यावर येते, आणि मग रील पाहत बसण्यात त्याला मजा वाटते असे नव्हे, तेवढा वेळ विचार थांबतात. अशा मुलाचा फोन काढला तर ताण आहे तिथेच राहील, शिवाय मित्र आणि क्लासचे निरोपही तुटतील.

म्हणून आधी झोप सावरा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि तो जेमतेम चार तास झोपतो. चिडचिड आणि विसरभोळेपणा यांचे बरेचसे मूळ तिथेच असू शकते. साडेदहानंतर घरातले सगळे फोन, आपला आणि साहेबांचाही, स्वयंपाकघरातल्या एकाच जागी चार्जिंगला लावावेत, आणि पहाटे उठण्यासाठी त्याला साधे गजराचे घड्याळ आणून द्यावे. जवळपास अभ्यासिका असेल तर संध्याकाळचे दोन-तीन तास त्याला तिथे बसू द्या. महिन्याचे जे काही शुल्क असेल ते परवडण्यासारखे आहे का, एवढे पाहून घ्या. कर्जाचे बोलणे त्याच्या कानावर पडू देऊ नका, आणि एकदा शांतपणे त्याला सांगा की फेडण्याची जबाबदारी आमची आहे, तुझी नाही.

तीन-चार आठवडे हे करूनही तो जेवण टाळत असेल, मित्रांना भेटणे सोडले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शेवटचे वाक्य एकदा जरी ऐकले, तरी तीन आठवडे थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही विनामूल्य आणि मराठीत बोलता येते, आणि तो फोन आधी आपण स्वतः केला तरी चालतो.