तीन दारांचे स्नानगृह

प्रश्न : बालपणी मँचेस्टरमध्ये आमची शाळा आम्हांला पोहायला ज्या जुन्या सार्वजनिक स्नानगृहात नेत असे, त्याला तीन वेगवेगळी दारे कशासाठी होती?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती १९०६ मध्ये खुली झालेली ‘व्हिक्टोरिया बाथ्स’ ही वास्तू असावी. प्रथम वर्गाचे पुरुष, द्वितीय वर्गाचे पुरुष आणि स्त्रिया अशी विभागणी तिच्या दारांवर अक्षरे कोरूनच केलेली आहे. ताजे पाणी आधी प्रथम वर्गाच्या तलावात सोडत, तेथे वापरलेले द्वितीय वर्गाला आणि उरलेसुरले शेवटी स्त्रियांच्या वाट्याला येई, हे वाचून आजही मन विषण्ण होते. मात्र घरी न्हाणीघर नसलेल्या कामगार कुटुंबांना याच इमारतीत अंघोळीची सोय मिळे. १९९३ मध्ये ती बंद झाली. पुढे नागरिकांनीच तिच्या जतनासाठी कंबर कसली.