एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं करताना वेग किती ठेवावा?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात: वय ४३, ठाण्यात राहता, चार महिने उपवन तलावाच्या बाजूला १ मिनिट पळणे-१ मिनिट चालणे करत ५ किलोमीटर पूर्ण करता. घड्याळ सरासरी ९ मिनिटं प्रति किलोमीटर दाखवतं. पहिला किलोमीटर ७:५० मध्ये होतो, शेवटचा १०:२० च्या आसपास, आणि तिसऱ्यानंतर अशी धाप लागते की पळायची एखाददुसरी पाळी चुकवावीच लागते. पळताना नेमका किती वेग ठेवू, असं विचारलंय.

तुमचा पहिला किलोमीटरच सगळं सांगतोय. चालताना साधारण किलोमीटरला साडेअकरा मिनिटांचा वेग धरला, तर ७:५० यायला पळताना तुम्ही ६ च्या आतच असणार. म्हणजे सुटलेली एसटी पकडायला धावावं तसं.

यात तुमचा दोष नाही. पहिला मिनिट सगळ्यांनाच फसवतो. पळायला लागलं की स्नायू आधी जवळची शिल्लक खर्च करतात; श्वास आणि हृदय मागणी ओळखून वर यायला दोनेक मिनिटं घेतात. तोवर तुमची चालायची पाळी येते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन पाळ्यांत वाटतं, ‘छे, हे तर काहीच नाही’. उधारीवर किराणा भरताना वाटतं तसंच. बिल पाचव्या-सहाव्या पाळीला येतं.

म्हणून पळण्याचा वेग पळताना ठरवू नका, चालताना ठरवा. चालायचं मिनिट संपत आलं, शेवटची दहा सेकंदं उरली, तेव्हा श्वास कुठे आहे ते बघा. बोलता येण्याइतका खाली आला असेल तर आधीचं पळणं बरोबर होतं. टायमरची पुढची शिट्टी नकोशी वाटत असेल, तर वेग जास्त झाला, घड्याळ काहीही दाखवो. आणि पळताना मी तेराचा पाढा म्हणते, मोठ्याने. (सकाळी साडेपाचला ऐकायला फक्त कुत्री असतात.) दोन ओळींमध्ये श्वास घेतला तर चालेल, पण ‘तेरा पाचे’ आणि ‘पासष्ट’ यांच्यामध्ये घ्यावा लागला की मी पावलं आखूड करते. पावलांचा ठेका तोच, फक्त पाऊल लहान. वेग कमी करायचा म्हणून पाय ओढत पळू नका, गुडघे कुरकुरतात.

आता आकडे, कारण तुम्ही आकडेच मागितलेत. ७:३० ने पळा आणि ११ ने चाला. दोन मिनिटांत पळून सुमारे १३३ मीटर आणि चालून ९१ मीटर होतात, म्हणजे सरासरी ८:५५. तुमचे ५ किलोमीटर आत्ता ४५ मिनिटांत होतात, असे ते ४४ मिनिटं ३५ सेकंदांत होतील. पळण्याचा वेग किलोमीटरमागे दीड मिनिटाने उतरवून, धाप न लागता, आहे तीच वेळ. (साडेसात आणि अकराची सरासरी सव्वानऊ येते असं म्हणू नका. दोन्ही तुकडे वेळेने सारखे आहेत, अंतराने नाहीत.)

यातली खरी गंमत चालण्यात आहे. बहुतेक लोक चालायचं मिनिट म्हणजे सुट्टी समजतात, कमरेवर हात ठेवून साडेबाराच्या वेगाने रेंगाळतात. पळणं ७:३० चंच ठेवून चालणं साडेबारावरून अकरावर आणलं, तर सरासरी ९:२३ वरून ८:५५ होते. चालणं तसंच ढिलं ठेवून हीच सुधारणा पळण्यातून काढायची, तर जवळपास ७ ने पळावं लागेल. स्वस्त काय, तुम्हीच बघा. हात कोपरात वाकवा, पावलं छोटी आणि भरभर, पाहुणे घरी यायचेत आणि दूध आणायचंय अशा चालीने. लांब ढांगा टाकू नका, नडगी भरून येते.

घड्याळावरच्या त्या क्षणाच्या वेगाकडे बघणं सोडा. झाडं, इमारती आणि दर मिनिटाला बदलणारी चाल यांत ते मागेच राहतं. तुम्ही चालायला लागता तेव्हा ते अजून पळण्याचा आकडा दाखवत असतं. त्याऐवजी एक दिवस ४०० मीटरच्या मैदानावर जा. अर्धी फेरी, म्हणजे २०० मीटर, बरोबर ९० सेकंदांत पळायचा सराव करा. तो ७:३० चा वेग. सात-आठ वेळा केलं की पायांना कळतं. पहिल्या दोन वेळा तुम्ही ७० सेकंदांतच पोचाल, पैज लावते.

माझंही असंच झालं होतं. मी साताऱ्याची. इथली हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढते आणि उतरते. पहिल्या वर्षी गावातून घाटाच्या पायथ्यापर्यंत मी वाऱ्यासारखी गेले आणि वर जवळजवळ सगळं चालले. मधल्या वळणावर साठीच्या पुढच्या एक आजी टुकटुक मागून आल्या. मनगटावर टायमर वाजला की पळायच्या, वाजला की चालायच्या, चढ असो की सपाटी. मी दोन पाळ्या त्यांच्या मागे राहिले, तिसऱ्या पाळीला त्या वळणाआड गेल्या. सासूबाई मला म्हणायच्याच, ‘पळतेस की चालतेस, एक काय ते ठरव.’ त्या दिवशी मी ठरवलं, दोन्ही, पण घड्याळाच्या हुकमाने आणि पहिल्या मिनिटापासून.

ही पद्धत जेफ गॅलोवे यांच्यामुळे जगभर पसरली. ते १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटर धावले आणि नंतर नवशिक्यांना शिकवू लागले. त्यांचाही आग्रह हाच, की दमल्यावर चालायचं नाही, दमण्याआधी चालायचं. पुढे त्यांनी चालण्याचा तुकडा ३० सेकंदांवर आणायला सांगितलं. माझ्या मते तुम्हाला ते सहा-आठ आठवड्यांनी करता येईल. आधी पाचही किलोमीटर सारख्या वेगात येऊ द्या. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, वेग तरी किंवा मिनिटं तरी.

उपवनजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ तूर्त बाजूला ठेवा. जायचंच असेल तर तिथे ७:३० विसरा आणि ३० सेकंद पळून १ मिनिट चाला. मे महिन्यातल्या दमट सकाळीही तसंच, घाम सुकत नाही म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त राबतं. पंधरा-वीस सेकंदांनी वेग कमी झाला तर तो हवेचा हिशेब, तुमचा नाही. मात्र छातीत दडपल्यासारखं झालं किंवा चक्कर आली, तर पाढे म्हणत बसू नका; थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

रविवारी पहिला किलोमीटर ८:५५ च्या आत आला, तर मुद्दाम घड्याळ थांबवून परत सुरुवातीपासून निघा. लाज वाटेल, पण पाचव्या किलोमीटरला काय आकडा येतो ते इथे येऊन लिहा.