बहमनी, बहामनी आणि ब्राह्मण

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. दख्खनच्या ‘बहामनी’ राज्याचं नाव ‘ब्राह्मणी’वरून आलं, हे खरं का? आणि लिहायचं कसं, बहमनी की बहामनी?

ब्राह्मणाची गोष्ट आपल्याकडे पोचली ती फिरिश्ता या फारसीत लिहिणाऱ्या इतिहासकारामुळे. या राज्याचा संस्थापक हसन हा आधी दिल्लीतल्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे चाकरीला होता. शेत नांगरताना त्याला पुरलेलं धन सापडलं आणि त्याने ते प्रामाणिकपणे मालकाच्या हवाली केलं. गंगूने त्याला राजयोगाचं भाकीत सांगितलं, आणि राजा झाल्यावर माझं नाव लाव, असं मागणं मागितलं. गोष्ट गोड आहे, म्हणूनच ती टिकली. पण फिरिश्ता विजापुरात बसून हे लिहीत होता सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे हसन गादीवर बसल्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी.

हसनच्या काळाचा साक्षीदार वेगळा आहे. महंमद तुघलकाविरुद्ध दख्खनच्या अमिरांनी बंड केलं, आधी इस्माइल मुखला सुलतान केलं. मग त्याने बाजूला होऊन हसनला वाट दिली. 1347 साली दौलताबादला हसन अलाउद्दीन बहमनशहा झाला आणि राजधानी गुलबर्ग्याला गेली. इसामी नावाच्या कवीने 1350 मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी काव्य पुरं करून याच सुलतानाला अर्पण केलं. तुघलकाने दिल्ली रिकामी केली तेव्हा इसामीही लहान वयात आजोबांसोबत दौलताबादेकडे निघाला होता. आजोबा वाटेतच गेले. तुघलकावर त्याचा राग होता आणि नव्या सुलतानावर जीव. आश्रयदात्याच्या उदयाची अशी सुंदर कथा त्याच्या काळी प्रचलित असती, तर ती त्याने गाळली असती असं मला वाटत नाही. त्याच्या काव्यात गंगू ब्राह्मण नाही.

शिवाय लिपीच बोलते. फारसीत ब्राह्मणाला ‘बरहमन’ म्हणतात, त्यात ‘र’ लिहावाच लागतो. सुलतानाच्या नाण्यांवर आहे ‘बहमन’, त्यात ‘र’ नाही. आपल्या बोलींत ब्राह्मणाचा ‘बामण’ होताना हा ‘र’ गळतो, त्यामुळे दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात. पण नाणी पाडणारा दरबार फारसीत लिहिणारा होता. त्याच्या हातून ही गफलत होणं कठीण.

मग हा बहमन कोण? ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यातला इस्फंदियारचा मुलगा, इराणचा पुराणप्रसिद्ध राजा. हे घराणं आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेत असे. वंशावळ खरी असेलच असं नाही. नव्या राजाला जुनं, मोठं कूळ हवं असतं. शब्दाचं मूळ त्याहून जुनं आहे: अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं ‘वोहु मनह्’, म्हणजे चांगलं मन. आपल्या ‘वसु’ आणि ‘मनस्’ यांची ही सख्खी भावंडं. आपल्याकडच्या पारशी पंचांगात अकरावा महिना बहमनच, आणि पुष्कळ पारशी कुटुंबं त्या महिन्यात मांसाहार करत नाहीत, कारण त्या महिन्याचा देवदूत बहमन हा पशूंचा रक्षक.

आता लेखन. फारसीत ‘ह’नंतर अलिफ, म्हणजे ‘आ’चं अक्षर, नाही, म्हणून ‘बहमनी’ मूळाला धरून आहे. ‘बहामनी’ मराठी पुस्तकांत इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणार नाही; मी स्वतः ‘बहमनी’ लिहितो. मात्र संस्थापकाला ‘बहमनी’ म्हणू नये. तो बहमनशहा, ‘बहमनी’ त्याचं घराणं आणि त्याचं राज्य.